बाटलीवरची चिठ्ठी आणि घागरीतलं पाणी

होळीचा दिवस. घरात पुरणाचा घमघमाट सुटलेला. पुण्याहून पुतण्या आणि नवी सूनबाई आली होती, म्हणून मी जरा जास्तच उत्साहात होते. ताटं मांडली, कटाच्या आमटीची वाटी ठेवली, तुपाची वाटी ठेवली आणि बघते तो काय, पुतण्यानं पिशवीतून एक लांब मानेची बाटली काढून टेबलावर ठेवली! आत फिकट पिवळसर, लिंबाच्या सरबतासारखं काहीतरी.

"काकू, व्हाइट वाईन आहे. आपल्या महाराष्ट्रातलीच. छोट्या घरगुती वायनरीतली," तो म्हणाला.

माझ्या पोटात गोळाच आला. कारण समोर सासूबाई बसलेल्या! वय ८१. आता काय होणार म्हणून मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, तर ह्यांनी पापड मोडायला घेतलेला. सासूबाईंनी मात्र शांतपणे चष्मा लावला आणि नातसुनेला म्हणाल्या, "काय लिहिलंय गं त्या चिठ्ठीवर? मराठीत सांग."

सूनबाईनं वाचलं, "आजी, लिहिलंय की ही एका कुटुंबाच्या मालकीची वायनरी आहे. पर्यावरणाची काळजी घेऊन द्राक्षं पिकवतात आणि वाईन करतात."

सासूबाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "असं होय. मग पाणी कुठलं वापरतात?"

यावर कुणालाच काही बोलता येईना. चिठ्ठीवर तेवढं लिहिलेलं नव्हतं.

मैत्रिणींनो, वाईन प्यावी की पिऊ नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, आणि माझं मत मी पुढं सांगणारच आहे. पण सासूबाईंचा तो प्रश्न माझ्या मनातून काही जाईना. जालन्यात राहणाऱ्या बाईला तो प्रश्न सुचणारच! २०१२-१३ चा दुष्काळ आपण विसरलो का? टँकरचा हॉर्न वाजला की हातातली पोळी तव्यावर टाकून धावायचं. धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासला. त्या साली आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लेकरासारखी वाढवलेली झाडं लोकांनी डोळ्यांत पाणी आणून तोडली. अशा जिल्ह्यात कुणी "पर्यावरणाची काळजी घेतली" असं म्हणालं, तर आधी पाण्याचाच हिशेब विचारायला नको का?

मग हा हिशेब मीच मांडायला घेतला.

पांढरी वाईन म्हणजे काय?

आधी हे पेय होतं कसं, ते बघू. पुष्कळ बायकांचा समज असा की पांढरी वाईन म्हणजे पांढऱ्या द्राक्षांची आणि लाल वाईन म्हणजे काळ्या द्राक्षांची. ते अर्धंच खरं आहे. द्राक्षाचा रंग असतो सालीत. काळ्या द्राक्षाचं साल काढून बघा, आतला गर बहुतेक जातींत फिकटच निघतो. लाल वाईनमध्ये रस आणि साली एकत्र आंबवतात. पांढऱ्या वाईनला द्राक्षं दाबून रस लगेच वेगळा काढतात, साली बाजूला टाकतात आणि नुसता रस आंबवतात.

आंबवणं आपल्याला काही नवं नाही. इडलीचं पीठ फुगतं, जिलबीचं पीठ रात्रभर ठेवावं लागतं, तसलाच प्रकार. रसातली साखर यीस्ट खातं, तिचं अल्कोहोल होतं आणि वायू बुडबुड्यांनी निघून जातो. फरक इतकाच, की आपण पीठ उबेला ठेवतो आणि पांढऱ्या वाईनचा रस थंड ठेवावा लागतो, साधारण १२ ते १८ अंशांवर. नाहीतर तिचा नाजूक वास उडून जातो. म्हणून मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या आणि त्या थंड ठेवायला वीज. तयार वाईनमध्ये अल्कोहोल साधारण ११ ते १३ टक्के असतं. म्हणजे दिसायला सरबत असलं तरी ते सरबत नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवा.

महाराष्ट्रात पांढऱ्या वाईनसाठी शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ या फ्रान्समधल्या जाती मुख्यतः लावतात. नाशिककडे १९९० नंतरच्या दशकात त्यांची लागवड जोरात सुरू झाली. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आणलं आणि मग नाशिक, सांगली, सोलापूर भागांत वायनऱ्या उभ्या राहिल्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ २००७ साली तीन कुटुंबांतल्या भावांनी मिळून एक सुरू केली. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची. तिचं नाव 'फ्रातेल्ली', म्हणजे इटालियन भाषेत 'भाऊ'! घरचा धंदा म्हणजे भावांचाच, हे तिकडंही तसंच दिसतंय.

आपल्या जालना जिल्ह्यातली द्राक्षं मात्र बहुतेक खाण्याची. टपोरी, लांबट, बिनबियांची. वाईनची द्राक्षं असतात बारीक, जाड सालीची, बियांची. बाजारात कुणी ती हातातसुद्धा धरणार नाही. पण वेल तोच, माती तीच आणि पाण्याची तहानही तीच. म्हणून ठरवलं, की पुतण्याच्या बाटलीवरच्या चिठ्ठीचा अर्थ आपल्याच जिल्ह्यातल्या वेलाला विचारावा.

कडवंचीच्या वाटेवर

माझी मावसबहीण द्राक्षवाल्यांच्या घरात दिली आहे, कडवंचीच्याच पट्ट्यात. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पुतण्याला आणि सूनबाईला घेऊन मी तिच्याकडे गेले.

कडवंची हे जालना तालुक्यातलं गाव. ज्यांनी हे गाव चाळीस वर्षांपूर्वी पाहिलं असेल त्यांना आज ओळखू येणार नाही. तेव्हा उघडे माळ आणि वाहून गेलेली माती. पाऊस आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार दिवस धो धो आणि मग महिनाभर गायब. पडलं ते पाणी माती घेऊन ओढ्यानं पळायचं.

१९९६ साली इथं इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचं काम सुरू झालं. पैसा नाबार्डमार्फत आला आणि काम पाहिलं मराठवाडा शेती साहाय्य मंडळानं. विजयअण्णा बोराडे यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं आहे. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र याच मंडळाचं. गावाचं सुमारे १९०० हेक्टर क्षेत्र धरून डोंगरमाथ्यापासून खालपर्यंत काम झालं. वर समतल चर खणले, शेतांना बांध घातले, ओढ्यानाल्यांवर बंधारे केले. पळणाऱ्या पाण्याला चालायला शिकवलं, चालणाऱ्याला थांबायला आणि थांबलेल्याला जमिनीत मुरायला. विहिरींना पाणी आलं. पाणी आल्यावर काही जणांनी द्राक्ष लावलं, त्यांचं बघून इतरांनी लावलं. मग आली शेततळी. आता गावात शेकड्यांनी शेततळी आहेत. काळ्या-निळ्या कागदाचं अस्तर लावलेली ती तळी उंचावरून पाहिली, तर शेतात आरसे मांडल्यासारखी दिसतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यात बागा जळत असताना कडवंचीच्या बागा तगल्या, त्या याच पाण्यावर.

बहिणीच्या बागेत शिरलो तर मांडवाखाली गारवा. घड लोंबत होते. पुतण्यानं लगेच फोटो काढायला घेतले. मी बहिणीला सासूबाईंचा प्रश्न विचारला. ती हसली. म्हणाली, "ताई, द्राक्षाचा खेळच उलटा आहे. पाऊस असतो तेव्हा त्याला पाऊस नको असतो, आणि पाऊस संपला की त्याला पाणी लागतं."

हे नीट समजून घ्या. आपल्याकडे वेलाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, त्यातून घड येतो. घड पोसायचा तो थंडीत, काढायचा जानेवारी ते एप्रिलमध्ये. म्हणजे सगळं फळ कोरड्या दिवसांत, साठवलेल्या पाण्यावर. तिकडे फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानंही लिहून ठेवलं आहे की इथं द्राक्षाला आणि डाळिंबाला वर्षातून दोनदा बहार येतो. तेव्हा मराठवाड्याला द्राक्ष हे काही कालचं पाहुणं नाही!

एका पेल्यात किती घागरी?

आता हिशेब. पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी जगभरची सरासरी काढली आहे. १२५ मिलिलिटर वाईनच्या एका पेल्यामागे, वेलापासून बाटलीपर्यंत, सुमारे ११० लिटर पाणी लागतं. १५ लिटरची घागर धरली तर सात घागरी भरून वर थोडं उरतं. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे सहा पेले. म्हणजे एका बाटलीला ६६० लिटर, ४४ घागरी!

ऐकून सूनबाईचा चेहरा पडला. पण बहीण म्हणाली, "अगं, तसं तर भाताला, साखरेला, कापसालाही पाणी लागतंच. प्रश्न किती लागतं एवढाच नाही. कुठून आणलं आणि परत काय दिलं, तोही आहे."

अगदी खरं. त्या सरासरीत मोठा वाटा थेट पावसाच्या पाण्याचा आहे. आपल्याकडे मात्र फळ कोरड्या दिवसांतलं, म्हणून साठवणीच्या पाण्याचा वाटा वाढतो. आणि इथंच खरी मेख आहे. शेततळ्यात पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवलं, तर ती बचत. पण विहिरीतून, बोअरमधून पाणी उपसून तळं भरलं, तर ती बचत नव्हे. ती शेजारणीच्या रांजणातून आपली घागर भरण्यातली गत! जमिनीखालचं पाणी सगळ्या गावाचं. एकानं ते वर काढून कागदावर पसरलं की उन्हानं त्याची वाफ होते आणि शेजारच्याची विहीर आधी आटते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शेततळ्यांचं असं झालं आहे आणि जाणत्या लोकांनी त्यावर बोट ठेवलं आहे. म्हणून नुसतं तळं दिसलं की वाहवा करू नये. ते भरलं कशानं, हेही विचारावं.

पर्यावरणाची काळजी घेणारी वायनरी म्हणजे काय, याचं उत्तर मला त्या मांडवाखाली मिळालं. ठिबकानं मोजून पाणी देते ती. वेलांच्या मधल्या जागेत आच्छादन करून ओल धरते ती. औषधाच्या फवारण्या कमी करते ती. टाक्या धुतलेलं पाणी ओढ्यात न सोडता स्वच्छ करून पुन्हा बागेला देते ती. साली-बियांचा चोथा खत म्हणून शेतात परत टाकते ती. टाक्या गार ठेवायला सूर्याची वीज वापरते ती. आणि आणखी एक गंमत ऐका. वाईनच्या धंद्यात काचेच्या बाटलीचाच पर्यावरणावर फार मोठा भार असतो. काच वितळवायला भट्टी पेटवावी लागते आणि जड बाटली दूरवर न्यायला इंधन जळतं. तेव्हा जाड बुडाची भारदस्त बाटली जास्त 'श्रीमंत' दिसते खरी, पण हलकी बाटली जास्त शहाणी!

कुटुंबाची म्हणजे कुणाची?

चिठ्ठीवरचा दुसरा शब्द होता 'कुटुंब'. परत निघताना मी त्याचाच विचार करत होते.

द्राक्षबागेत बायका काय काय करतात ते एकदा बघाच. छाटणी बहुधा पुरुषांची. पण शेंडे खुडणं, घडातले जादा मणी एकेक करून कात्रीनं काढणं, घड औषधात बुडवणं, उन्हापासून जपायला कागद गुंडाळणं, काढणीनंतर पेटीत भरताना खराब मणी वेचणं हे सगळं बायकांच्या हातचं. मान वर करून दिवसभर उभं राहायचं. संध्याकाळी मान उतरत नाही. घरच्या बाईला तर त्याची मजुरीही नाही.

आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं? माझ्या बहिणीला मी हा प्रश्न विचारला तेव्हा ती नुसतीच द्राक्षं निवडत राहिली. मग म्हणाली, "ह्यांचं आणि सासऱ्यांचं. माझं कशाला असतंय?"

मैत्रिणींनो, १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं होतं. पुढं शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. घरातल्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करा, हे तिचं ऋण आहे, असं त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं आणि पुष्कळ गावांनी ते केलंही. १९९४ साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क देणारा कायदा केला आणि २००५ साली तो देशभर झाला. कायदा झाला, पण कागद बदलायला कुणीतरी तलाठ्याकडे जावं लागतं. 'कुटुंबाची बाग' असं चिठ्ठीवर छापणं सोपं असतं. त्या कुटुंबातल्या बाईचं नाव कागदावर असलं, तर तो शब्द खरा.

बहिणीच्या नवऱ्यानं हे आमचं बोलणं ऐकलं. भाऊजी काही बोलले नाहीत. पण आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आले तेव्हा म्हणाले, "ताई, तलाठ्याकडं काय काय कागद लागतात, तेवढं तुमच्या ह्यांना विचारून ठेवा."

मी घरी येऊन पहिलं काम तेच केलं.

आणि आता माझं मत

ते सांगायचं राहिलं. आपल्या महाराष्ट्रात पाणी अडवायचा धडा गावांनी गिरवला तो राळेगणसिद्धीपासून, आणि तिथल्या नियमांत नशाबंदी होती हे विसरता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा अण्णा हजाऱ्यांसह अनेकांनी कडाडून विरोध केला. शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, असं एक बाजू म्हणत होती. बायकांच्या संसाराचं काय, असं दुसरी. दोन्ही बाजूंना आपापलं दुखणं होतं.

"वाईन म्हणजे दारू नव्हेच, तब्येतीला चांगली," असं कुणी पटवायला लागलं तर मात्र ऐकू नका. अल्कोहोलचं थोडंसं प्रमाणही पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. बायकांच्या बाबतीत तर थोड्या अल्कोहोलनंही स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दिवस गेलेले असताना थेंबही नको. तेव्हा घेणारीनं हे माहीत असून घ्यावं, न घेणारीनं संकोच न करता नाही म्हणावं. आणि ज्या घरात दारूनं आधीच दुःख दिलंय, तिथं बाटली कितीही 'हिरवी' असली तरी उंबऱ्याबाहेरच बरी.

आमच्याकडची बाटली? ती फोडली गेली नाही. पुतण्यानं निघताना ती मुकाट्यानं पिशवीत घातली. मात्र सासूबाईंनी त्याला दाराशी थांबवलं. "त्या वायनरीवाल्यांना पत्र टाक," म्हणाल्या. "पाणी कुठलं ते विचार. आणि उत्तर आलं की मला वाचून दाखव."

त्यानं खरंच पत्र टाकलंय. आम्ही उत्तराची वाट बघतोय.

स्वयंपाकघरासाठी

● द्राक्षं आणल्यावर मोठ्या पातेल्यात मीठ किंवा चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवावीत आणि मग वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवावीत. फ्रिजमध्ये ठेवायची असतील तर न धुता ठेवावीत. ओली द्राक्षं लवकर बुरसतात. धुतलेलं पाणी झाडांना घालावं!

● लहान मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नये, घशात अडकतं. उभं चिरून द्यावं.

● घरी बेदाणे करायचे तर द्राक्षं अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाकावीत. सालीला बारीक चिरा पडून ती लवकर वाळतात. मग वारं खेळेल अशा सावलीत कापडावर पसरावीत. साधारण चार किलो द्राक्षांचे एक किलो बेदाणे होतात.

● एखाद्या विलायती पाककृतीत 'व्हाइट वाईन' लिहिली असेल तर अडून बसू नका. अर्धी वाटी हिरव्या द्राक्षांचा गाळलेला रस आणि चमचाभर लिंबाचा रस घातला की काम भागतं. पदार्थ शिजला म्हणजे वाईनमधलं अल्कोहोल सगळं उडून जातं, हा समज चुकीचा आहे. थोडं उरतंच. मुलाबाळांच्या ताटात वाढताना हे लक्षात असू द्या.